काठीचं सॉकेट

आमच्या खंडोबाची काठी लोखंडी पाइपाची हाय. पाव्हणेरावळे बगून हासतात. हासू द्या बापडे. उमरी झाली, भोकर झालं, पार नांदेडापर्यंत फिरलो, तेवढ्या लांबीचा सरळ बांबू घावला न्हाई, हे त्यांना कोण सांगत बसणार. जुना बांबू दसऱ्याला आढ्यावरून खाली काढला तर आतून कुरकुर आवाज. भुंग्यानं खाऊन नुसती नळी ठिवलेली. भगवानरावानं एक टिचकी मारली, पिवळं पीठ धोतरावर सांडलं.

"संपली," भगवानराव म्हणला. घरातलं माणूस गेल्यावाणी तोंड झालं त्याचं.

काठी उचलायचा मान त्याच्या घरचा. आज्यानं उचलली, बापानं उचलली, सोता त्यानं कंबर जाईपर्यंत उचलली. औंदा पहिल्यांदा पोराची पाळी हुती, अंगदची. आन रिवाज असा, की देवापुढं काठी आडवी पडली तर मान त्या घरातून उठला, भावकीतल्या दुसऱ्या घरात गेला. दुसरं घर म्हंजे व्यंकटी, भगवानरावाचा चुलतभाऊ. काठी ठिवायला त्यानं घरात खुंट्यासुदीक ठोकून ठिवल्यात. मी बगितल्यात. त्या खुंट्यांवर सध्या बायकोच्या पिशव्या लटकतात.

मी रामलिंग, भगवानरावाचा शेजारी. मधी एक भिंत. काठीची मागची दोरी माझ्याकडं असतीय.

पाइपाची अक्कल अंगदची. बोअरमधी सोडतेत तसे तीन पाइप, जोडाला सॉकेट, खोलली की टेंपोत मावती. सॉकेट म्हंजे मुठीएवढी आखूड नळी, आतल्या अंगानं आटे. पाइपाच्या टोकाला भायेरून आटे. एक पाइप खालून फिरवून बसवा, एक वरून, झाला जोड. उमरीच्या पाइपवाल्यानं आटे पाडून दिले. शेंड्याला पितळी कळस, त्याच्याखाली मोरपिसं. वरल्या पाइपाला कडं, कड्याला चार दोऱ्या. दोऱ्या चार माणसांनी चार बाजूंनी ताणून धरायच्या: पुढं व्यंकटी, मागं मी, दोन अंगाला भीमा आन त्याचा भाऊ. मधी अंगद. त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला वाटी, वाटीत काठीचं बूड.

मार्गेसरातल्या पहिल्या दिवशी, चंपाषष्ठीच्या जत्रेसाठी, काठीला हळद लागली. चंद्रप्पा गुरवानं भंडारा उधळला आन सांगितलं, "आता हा पाइप न्हाई, देव हाय. ह्याच्यापुढं आग लावायची न्हाई, भोक पाडायचं न्हाई. आग लागली तर सरण झालं, भोक पडलं तर खंडित झाली."

"समजलं," अंगद म्हणला. तवा त्याला वाटलं, आग कोण लावतंय.

घर दिवसभर कापसात असायचं. येचणीला बाया मिळंनात. बोंडं फुटून कापूस खाली लोंबायलेला, वर आभाळ भरून आल्यालं. सकाळी दाट धुई, हातभर लांबचं दिसंना, कापूस वला, हात लावायची सोय न्हाई. ऊन पडलं की भगवानराव, त्याची बायको कावेरीबाई, अंगद आन सून तनुजा, चौघं चार तासाला, म्हंजे वळींला, लागायचे. बोंडाची टोकं नखाच्या कडंला घुसतेत, बोटं फाटतेत. दिवस कलला की अंगद तसल्याच बोटांनी काठीला मिठी मारायला यायचा. बांबू हलका हुता, नुसता टेकवला तरी वाटीत आपला आपण हुभा राहायचा, गडी फिरला तरी बांबू जाग्यावर. ही लोखंडाची बाई मिठी मारल्याबिगर हुभीच राहीना.

पहिल्या दिवशी सरावाची देवळाला फेरी झाली, झ्याक झाली. मंग देवापुढं येऊन गिरक्या. गिरक्या पाच, जाग्यावर हुभं राहून, उजवीकडं. तिसऱ्या गिरकीला वरून कुईं आवाज आला. कळसानं नंदीबैलावाणी मान हलवली.

"खाली घ्या," भगवानराव वरडला.

आमी दोऱ्या ढिल्या सोडत काठी आडवी केली. वरला पाइप सॉकेटात एका आट्यावर लटकल्याला. बोटानं फिरवला, निघून आला हातात.

"सरावाला पडली म्हंजे पडली म्हणत न्हाईत," व्यंकटी म्हणला. "पण आपली तयारी म्हणून सांगतो दादा, आमच्या वसरीला जागा हाय."

"तुझ्या वसरीला शेरडं बांध," भगवानराव म्हणला.

दुसऱ्या दिवशी अंगदनं तीन पाइप मोटारसायकलला आडवे बांधता येईनात म्हणून नुसतं सॉकेट खिशात घातलं आन उमरीला गेला. मीबी मागं बसलो, मला तंबाखू आणायची हुती. पाइपवाल्यानं सॉकेट उजेडाला धरलं, आत बोट फिरवलं.

"आट्याला काय धाड झाली न्हाई. तुमी ताग गुंडाळला व्हता का? सफेदा लावला व्हता का?"

"न्हाई."

"मंग. कोरडं बसवलं तर सुटलच की. बोअरमधी मोटारीचा झटका सोसतंय, तुमच्या खंडोबाला काय सोसना?"

ताग घेतला, सफेद्याची डबी घेतली, दोन पाइप पाने मागून आणले. अंगदनं आट्यावर ताग गुंडाळला, वरून सफेदा फासला. एक पाना सॉकेटाला मी धरला, दुसरा पाना पाइपाला अंगदनं, आन असा आवळला की त्याच्या मानंच्या शिरा दोरीवाणी वर आल्या. फाटक्या बोटात सफेदा गेला, तवा आईला हाक मारली. आई घरात हुती, म्हणली, "काय रं?" तो म्हणला, "काय न्हाई."

सांजच्याला फेरी झाली. गिरक्या सुरू. एक, दोन, तीन. वरला जोड पहारेवाणी घट्ट. अंगदच्या तोंडावर हसू आलं. चौथीला अंगदच्या डोक्याच्या जरा वरनं कुईं.

आता खाललं सॉकेट.

आता बगा गंमत. वरलं आवळलं की खाललं सुटतंय. खाललं आवळलं की वरलं. दोन्ही आवळले तर कुठलं सुटंल ह्याच्यावर भीमाचा भाऊ पैज लावायला लागला. कधी सॉकेट वरल्या पाइपाला चिकटून वर जातंय, कधी खालल्याला चिकटून खाली राहतंय. देवळापुढं रोज बसणाऱ्यांनी ह्याच्यावर लई इचार केला. एक म्हणला लोखंड थंडीत आखडतंय. एक म्हणला मोरपिसात वारं भरतंय. म्या म्हणलं, लिंबू बांधा. मला वाटलं हासतील. खरंच बांधलं. दुसऱ्या दिवशी लिंबासकट सुटलं.

भगवानरावाला इश्वास न्हाई बसला. तो मला भिंतीपल्याडून म्हणला, "रामलिंगा, हे माणसाचं काम हाय."

"कुणाच्या?"

"ज्याच्या घरात खुंट्या हायत त्याच्या. मी रानात गेलो की येऊन ढिलं करत असंल."

"पान्याबिगर?"

"त्याच्या हातात लई ताकद हाय. ल्हानपणी माझं मनगट पिरगाळलं हुतं."

मंग चुन्याची रेघ मारली. ही अक्कलबी अंगदचीच. पाइपावरून सॉकेटावर, सॉकेटावरून दुसऱ्या पाइपावर, सरळ उभी रेघ. दोन्ही जोडाला. कुणी आटा हलवला की रेघ तुटंल. रानात जाताना बगितली, सरळ. रानातून आल्यावर बगितली, सरळ. भगवानरावाचं तोंड उतरलं. त्याला वाटलं हुतं चोर घावंल.

"फेरी मारून बगा," म्या म्हणलं.

फेरी मारली. चार दोऱ्यावाले संगंसंगं चालले, देवळाला पुरा येढा. रेघ सरळ. गिरकी मारली, काठी खाली घेतली, बगितली. रेघ तुटल्याली. खालचा तुकडा हिकडं, वरचा तिकडं, मधी बोटभर अंतर.

समदं गाव हजर असताना. व्यंकटी दोरी धरून माझ्या समोर हुभा, त्याचे दोन्ही हात दोरीवर, मी सोता बगतोय. आता चोर कोण म्हणायचं?

 मंग चंद्रप्पा गुरव घसा खाकरून म्हणला, "भगवानराव, एक इचारू का, राग मानू नका. घरात कुणाची अडचण तर न्हाई?"

तनुजा तवा रानातून येत हुती. डोक्यावर कापसाचं गठुडं, ओला कापूस, त्याचं पाणी कानावरून वघळ्यालं. लातूरकडची पोरगी, शिरूर अनंतपाळची. लगीन होऊन दोन दिवाळ्या झाल्या. पटांगणातनं गेल्याबिगर घरात जाता येत न्हाई, दार देवळासमोर. ती आली आन समद्या गड्यांच्या माना तिकडं वळल्या.

कुणी नाव घेतलं न्हाई. घ्यायची गरज नव्हती.

कावेरीबाई उंबऱ्यात हुभी. सासूला सुनंचे दिवस तोंडपाठ असतेत. तिनं एक शबूद बोलला असता तर मिटलं असतं. तिनं पदर नीट केला. अंगद काठीचं बूड पुसायला लागला. ते पुसल्यालंच हुतं.

"काल काठीला हात लावला का गं तू?" भगवानराव म्हणला.

"सारवताना बाजूला सरकवली," तनुजा म्हणली. "सारवू नको म्हणला असता तर नसतं सारवलं."

"तसं न्हाई. म्हंजे..."

"म्हंजे काय, मामा?"

भगवानराव माझ्याकडं बगायला लागला. मी कशाला बोलू. व्यंकटी खाली बगून दोरीचा पीळ मोजत हुता.

"जत्रा होईपर्यंत काठीपशी येऊ नको," भगवानराव म्हणला. "वला कापूस वर घराच्या धाब्यावर पसरून बस. कामबी होईल."

ती गठुडं घेऊन शिडी चढली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गठुडं आडकलं. कुणी हात दिला न्हाई. तिनं गुडघ्यानं ढकललं आन वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिची ताटली वर गेली, पाणी वर गेलं. काठी देवळापुढं. पुन्यांदा ताग, पुन्यांदा सफेदा. पाने आवळून अंगदच्या तळव्याला फोड आला हुता, त्याच्यावर फडकं. गिरकी मारली, सुटली. कुठलं सुटलं ते इचारायचंबी सोडून दिलं लोकांनी.

काठी आडवी करताना मला वरून आवाज आला.

"काका, तुमी फिरत का न्हाईत?"

बगितलं तर तनुजा धाब्याच्या कठड्याला टेकून हुभी, हातात कापूस.

"कुठं फिरू?"

"काय न्हाई," ती म्हणली आन खाली बसली.

मी पाने वापस द्यायला त्यांच्या घरी गेलो तवा कावेरीबाई चुलीपुढं. भाकरी तव्यावर. ती लोणच्याची बरणी दोन्ही मांड्यात धरून झाकणाशी भांडत हुती. प्लास्टिकची बरणी, फिरकीचं झाकण, हाताला पीठ. "उघडंना मेली," म्हणली. तनुजा वरून ताटली ठिवायला शिडीवरनं आली हुती. चुलीपशी यायला तर तिला कुणी मनाई केली नव्हती. मनाई फकस्त काठीची.

तिनं झाकण एका हातानं गच्च धरलं, हलवलं न्हाई. दुसऱ्या हातानं खालची बरणी फिरवली. टक करून उघडली.

"आत्याबाई, झाकण कुणी फिरवलं?"

"तूच की."

"मी झाकण हलवलंच न्हाई. बरणी फिरवली."

"एकच झालं."

"तेच म्हणते. एकच झालं." ती माझ्याकडं वळली. "काका, वरून बगितलं की दिसतंय. तुमी चौघं दोऱ्या धरून खांबावाणी हुभे. दोऱ्या वरल्या पाइपाला. म्हंजे झाकण धरल्यालं हाय. खाली हे मिठी मारून गरागरा फिरतेत. म्हंजे बरणी. मंग काय हुईल?"

भाकरी करपली. कावेरीबाईनं उलथनं हातात धरून ठिवलं, उलटायचं इसरली.

मी बरणी घेतली. झाकण लावलं. एकदा झाकण फिरवलं, एकदा बरणी फिरवली. मंग भगवानराव आला, त्यानं फिरवली. अंगद आला. लोणच्याचा रस अंगदच्या फोडात गेला, तो नाचला आन नाचत नाचतच बापाला म्हणला, "दादा, खरंय हे. फेरीला आपण संगंसंगं चालतो, तवा सुटत न्हाई. गिरकीलाच सुटतंय."

"मंग डावीकडं गिरकी मार," मी म्हणलो.

"उलटी फेरी मयतीला असतीय," भगवानराव म्हणला. "देवापुढं उलटा फिरू का?"

"उलटे आटे पाडून घ्यावं?"

"हळद लागल्यावर देवाला कापू का?"

"मंग वेल्डिंग..." माझं मलाच आठवलं, आग. 

तनुजा शिडीवर पाय ठिवून म्हणली, "दोऱ्यावाल्यांनी बी फिरायचं. हे जेवढं फिरतील तेवढं. कुणी कुणाला आडवलंच न्हाई तर सुटंल कसं?"

भगवानरावानं बरणी खाली ठिवली. त्याला शबास म्हणायचं हुतं का काय, तोंड उघडलं हुतं. पण कालच्या माणसाला आज शबास म्हणायला जड जातंय. "व्यंकटी फिरल का?" एवढंच म्हणला.

माझं आन भीमा-भीमाच्या भावाचं काय, आमी तयार. समोरची दोरी व्यंकटीची. भगवानराव, जो चार सालं त्या घराच्या उंबऱ्याला शिवला नव्हता, तो त्याच रातीला कंबर धरून तिकडं गेला. मी संगं. व्यंकटीनं आमाला बसायला पोतं टाकलं, खाट रिकामी हुती तरी. खाटंवर त्याची चड्डी वाळत हुती.

"म्हंजे कसं," व्यंकटी म्हणला, "गिरकी तुझ्या पोरानं मारायची, नारळ तुझ्या पोराच्या हातात, आन पळायचं मी?"

"पळायचं न्हाई. चालायचं."

"लांब दोरी हाय दादा. तो एक पाऊल फिरला की मला सा पावलं. पोट बग माझं."

"गावच्या देवाचं हाय."

"गावच्या देवाचं हाय तर मान गावाचा करा. एक साल तुझ्याकडं, एक साल माझ्याकडं."

भगवानरावानं भिंतीकडं बगितलं. खुंट्या हुत्या. पिशव्या हुत्या. "बापाच्या हातचं दिऊ कसं?" तो म्हणला, आन हे इचारताना आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं, हा आता खरंच इचारतोय.

"नको दिऊ. मी आपला जाग्यावर हुभा राहीन. चाळीस साल हुभाच राहत आलो."

वापस येताना भगवानराव म्हणला, "बरोबर हाय त्याचं." पाच पावलं चालला. "न्हाई, बरोबर न्हाई." पुन्ना थांबला. "रामलिंगा, तुला काय वाटतंय?"

मला भूक लागली हुती. ते मी सांगितलं.

चंपाषष्ठी उजाडली ती धुईतच. वांगं-भाकरीचा निवद झाला. पटांगण पिवळं. भंडारा नाकात, डोळ्यात, चहात. काठी हुभी केली तवा कळस धुईत गेला, दिसंना. पाइप दवानं गार. अंगदनं मिठी मारली तर सदरा छातीला चिकटला. कापूस वलाच, तनुजा धाब्यावर. लोकांनी एकदोनदा वर बगितलं आन सोडून दिलं.

फेरी झाली. देवापुढं आलो. हलग्या थांबल्या, मंग एकदम वाजल्या. अंगद म्हणला, "काका, चला." आन गिरकी घेतली.

मी पळालो. भीमा पळाला. भीमाचा भाऊ पळाला. व्यंकटी हुभा.

आता हे ध्यानात घ्या. काठी फिरायलीय, तीन दोऱ्या संगं फिरायल्यात, चौथी जाग्यावर. चौथी दोरी काठीला गुंडाळाय लागली. गुंडाळली तशी आखूड झाली. आखूड झाली तशी काठी वाकली. कुणाकडं वाकंल? ज्यानं दोरी धरलीय त्याच्याकडं. धुईतनं पितळी कळस खाली आला, सरळ व्यंकटीच्या टोपीवर.

व्यंकटीनं वर बगितलं. दोरी सोडावी, तर पुढच्या दोरीचा मान समद्या गावापुढं त्यानं हातानं सोडला. धरून हुभं राहावं, तर पितळेचा कळस टाळूत. त्यानं भगवानरावाकडं बगितलं. भगवानराव देवळाच्या पायरीवर, कमरेला दोन्ही हात.

"व्यंकटीकाका," वरून तनुजाचा आवाज आला, "उजवीकडं. पळा, म्हंजे दोरी उलगडंल. येक येढा जास्तीचा."

तो पळाला. काय पळाला म्हणून सांगू. एक चप्पल पहिल्या येढ्यात गेली, दुसरी दुसऱ्यात. पायजम्याची नाडी एका हातात, दोरी एका हातात. मी त्याच्या समोर, तो माझ्या समोर, मधी अंगद गरागरा. त्याची दोरी उलगडली, काठी सरळ झाली, आन मंग आमी चौघं आन अंगद, एकदाच. हलगीवाल्याला कळंना, कुणाच्या तालावर वाजवावं. चंद्रप्पा गुरव गिरक्या मोजत हुता, तो मधीच गडबडला. अंगदच्या मोजू का व्यंकटीच्या? पाचवी झाल्यावर तो म्हणला, "झाल्या." मंग म्हणला, "झाल्या का?"

काठी हुभी. अंगदनं चुन्याच्या रेघंवर बोट ठिवलं. सरळ. वरली त्याला दिसत नव्हती, त्यानं धाब्याकडं बगितलं. तनुजानं मान हलवली, सरळ हाय म्हणून.

भगवानराव पायरीवर खाली बसला. टोपी काढून तोंड पुसलं. भंडारा आन पाणी, तोंडाचा चिखल झाला.

व्यंकटी धापा टाकत म्हणला, "गिरकी... म्या मारली. आज गिरकी म्या मारली."

"आमीबी मारली," भीमाचा भाऊ म्हणला.

"गुरव, नारळ कुणाला?"

चंद्रप्पानं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. चाळीस सालात त्याला असं कुणी इचारलं नव्हतं. शेवटाला त्यानं अंगदच्या पट्ट्यात नारळ खोचला आन व्यंकटीच्या कपाळाला दुप्पट भंडारा लावला. व्यंकटी ते दुप्पट हाय का न्हाई, हे बोटानं बगत बसला.

ऱ्हायलं एकच. मानकऱ्याच्या सुनंनं काठीच्या बुडावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मंगच काठी आडवी. त्याच्याआधी न्हाई. कावेरीबाई ताट घेऊन भायेर आली आन धाब्याखाली हुभी राहिली.

"तनुजा, खाली ये. पाणी घाल."

वर कापूस झटकायचं चालूच.

"आगं ये की. गडी ताटकळलेत."

तनुजा कठड्याला आली. डोक्याला कापसाचे पुंजके चिकटल्याले. तिनं आवाज चढवला न्हाई, तरी हलगी थांबल्याली हुती, समद्यांना ऐकू गेलं.

"आत्याबाई, मला अडचण हाय का न्हाई, ते आधी इचारा की. परवा तर हितंच इचारलं हुतं, एवढ्या समद्यांत. आज कामून कुणी इचारंना?"

गुरव नारळाच्या शेंड्या वेचायला वाकला. भगवानरावानं टोपी घातली, काढली. अंगद काठीला मिठी मारून हुभा, त्याला तोंड लपवायला तेवढी जागा हुती.

कावेरीबाईनं ताटातल्या दिव्याला हात आडवा धरला.  मंग ती वळली, आमच्याकडं तोंड केलं.

"न्हाई तिला अडचण," ती म्हणली. "परवाबी नव्हती. मला म्हाईत हुतं. म्या बोलले न्हाई."

 वरून तनुजा बराच येळ सासूकडं बगत राहिली. वरून सासू ल्हान दिसत असंल.

"येते," ती म्हणली. "कापूस गोळा करते, धुईत काळा पडंल. मंग येते."

आन खरंच गोळा करायला लागली. कठड्याच्या वर तिची पाठ दिसायची, वाकायची, जायची. घाई न्हाई, उगा दमानंबी न्हाई. रोज करती तसं. आमी चौघं दोऱ्या ताणून. माझे खांदे थरथरायले, अंगदच्या हाताला फोड फुटून पाइपावरून तांबडं वघळायलं, तरी त्यानं हाक मारली न्हाई.

"रामलिंगा," समोरून व्यंकटी हळूच म्हणला, "किती कापूस हाय रं वर?"

मी रोज भिंतीवरून बगत हुतो, मला म्हाईत हुतं.

"लई हाय," म्या म्हणलं. "दोरी नीट धर."